त्याचा बैल आम्ही पाडला

माझा स्वभाव घाईचा आहे आणि काळजीचाही. एकाच माणसात ही दोन्ही असली की घरच्यांचे हाल होतात. शहापूरच्या बाजारात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळलेल्या पंपातली तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळायची, हे माझं काम. वेढे मोजताना माझं डोकं गप्प असतं. हात रिकामे झाले की ते सुरू होतं. मुलगी शाळेतून घरी पोचली असेल ना, दुकानाचं शटर नीट लागलं का, काल आईला आलेला खोकला साधाच होता ना. बायको म्हणते, तुम्हाला काळजी करायचा पगार मिळत असता तर आपण बंगला बांधला असता.

जिवाला जरा विरंगुळा म्हणून मी मोबाइलवरचा एक खेळ धरला, आणि तिथेही आणखी दोन माणसांची काळजी गळ्यात बांधून घेतली. खेळ सोंग घ्यायचा आहे. आपण एक पात्र व्हायचं, जंगलं, डोंगर, गुहा पालथ्या घालायच्या, राक्षस मारायचे. हे एकट्याने करता येतं, पण मोठी कामं तिघाचौघांनी मिळूनच होतात. आम्ही तिघे होतो; खेळताना एकमेकांचं बोलणं मोबाइलवर ऐकू यायचं. मी ढालवाला. कसाऱ्याला राहणारी माझी मामेबहीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, धनुष्यबाणवाली. आणि धसईचा माझा मित्र, जो खेळात वैद्य होता. आयटीआयला आम्ही दोन वर्षं एका बाकावर बसलो, पण त्याने पान्हा कधी हातात धरला नाही; तो घरचं भात आणि भाजी करतो.

मिळून खेळण्यात जेवढा आनंद आहे, तेवढाच वैताग आहे. ठरायचं संध्याकाळी सातला. सात वाजता मी दुकान आवरून, पाय धुऊन, ओटीवर तयार. बहिणीचा पत्ता नाही. साडेसातला ती येणार आणि ऐन मारामारीत म्हणणार, "थांब रे, दूध उतू चाललंय." आमच्या तानशाकडच्या गावात नेटवर्क म्हणजे नशिबाचा भाग. मी ओटीच्या डाव्या खांबाला टेकून बसलो तर चालतं, उजव्या खांबाला गेलो की माझा ढालवाला हवेत एक पाय उचलून तसाच गोठतो. मित्र प्रत्येक झुडूप हुंगत चालायचा. वाटेत दिसलेली औषधी पानं खुडल्याशिवाय पुढे सरकायचा नाही, आणि मी फाटकाशी उभा राहून ओरडायचो, "अरे, भाजी आणायला आलायस काय?" तो म्हणायचा, "मराय लागलास की हीच भाजी लागते तुला."

आणि ते खरंच होतं. त्या खेळात कोणी आडवा पडला की दहापासून उलटे आकडे सुरू होतात. शून्याच्या आत जोडीदाराने जवळ येऊन उजवीकडचं बटण अंगठ्याने दाबून धरलं, तर पडलेला उठतो. सगळ्यात जास्त वेळा पडायचो मी, कारण सगळ्यात आधी घुसायचो मी. आणि दरवेळी तो यायचा. शिव्या देत यायचा, पण यायचा. त्या शिव्या ऐकल्याशिवाय माझा दिवस संपल्यासारखा वाटत नसे, हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नसतं.

एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं. त्या खेळात प्रत्येकाचं आपापलं जग असतं. दुसऱ्याच्या जगात आपण पाहुणे म्हणून जातो. तिथे मिळालेलं हत्यार, औषध आपल्याबरोबर घरी येतं. पण काम झालं ते यजमानाच्या जगात. त्याचा दरवाजा उघडतो, त्याचा राक्षस मरतो. आपल्या जगात तोच दरवाजा बंद असतो आणि तोच राक्षस खुशाल फिरत असतो. शहरातल्या पोरांना हा नियम अन्यायाचा वाटतो, खेळाच्या चर्चांमध्ये त्यावरून भांडणं चाललेली असतात. आम्हाला तो पहिल्याच दिवशी समजला, कारण आमच्याकडे भाताची लावणी अशीच होते. त्याला सावड म्हणतात. आज सगळे माझ्या खाचरात, उद्या सगळे तुझ्या. लावणी ज्याच्या शेतात होते, भात त्याचं. आम्ही खेळातही तसंच लावलं. सोमवारी बहिणीचं जग, बुधवारी माझं, शुक्रवारी मित्राचं.

कथेच्या शेवटच्या टोकाला एक बैल होता. डोंगराएवढा, पाठीवर दगड उगवलेला. तो पडला की खालच्या गावातली माणसं दिवे घेऊन वर येतात आणि तुमच्या पात्राला घरी घेऊन जातात. हा देखावा प्रत्येक जगात एकदाच होतो, बैलही परत उठत नाही. बहिणीच्या जगातला बैल आम्ही गणपतीच्या आसपास पाडला होता. तेव्हा मित्र म्हणाला, "आता माज्याकडं. माजी माणसं कशी येतात ते बघायचंय मला." त्यानंतर भातकापणी आली, खेळ मागे पडला.

दिवाळी झाल्यावर खळ्यावर मळणीयंत्रात पेंढी सारताना त्याचा उजवा हात आत ओढला गेला. अंगठा अर्धा गेला. शेजारच्या बोटाची शीर तुटली.

मला वहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी वेढे मोजत होतो. किती झाले ते विसरलो. त्यानंतर मी दुकानात माझ्याच अंगठ्याकडे बघत होतो. तार धरायला अंगठा, स्क्रू पिरगळायला अंगठा, चहाचा कप धरायला अंगठा. तो कोयता कसा धरणार, रोप कसं उपटणार, पोराच्या शर्टाचं बटण कसं लावणार. शेवटी मी दुपारीच दुकान बंद केलं.

त्याची अर्धी मळणी राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या खळ्यावर पंधरा-वीस माणसं जमली. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. सावडीतला माणूस अंथरुणाला खिळला की त्याचं काम आधी उरकायचं आणि मग आपलं, त्याला विचारत बसायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. मीही गेलो होतो. संध्याकाळपर्यंत भात घरात, पेंढा रचलेला. त्याला दवाखान्यात फोनवर सांगितलं तर तो रडला. वीस वर्षांत मी त्याला रडताना ऐकलं नव्हतं.

आता माझी चूक. खेळात रोज एकदा आत डोकावलं की बक्षीस मिळतं, आणि एक दिवस चुकला की मोजणी पहिल्यापासून. दवाखान्यातून फोनवर त्याने त्याचा पासवर्ड मला दिला होता. "तेवढं रोजचं घेत जा रे," एवढंच म्हणाला. मी रोज न चुकता घेत होतो. रोज त्याचा वैद्य पडद्यावर यायचा, बैलाकडे जाणाऱ्या त्या बंद दरवाज्यासमोर, पाठीवर पानांची पिशवी घेऊन उभा. मला ते बघवेना. एके दिवशी मी बहिणीला फोन केला.

"ताय, त्याचं राह्यलंय."

"काय?"

"बैल."

ती लगेच म्हणाली, "मंग आदी त्याचं करू. तुजं मागनं बघू." दोघांपैकी एकालाही त्यात काही खटकलं नाही. उलट बरं वाटलं. इतके दिवस नुसती काळजी करत होतो, आता करण्यासारखं काहीतरी सापडलं होतं.

मी त्याचा वैद्य झालो आणि बहीण पाहुणी म्हणून आली. दोघांना तो बैल जड होता. माझी सवय घुसायची, आणि वैद्य घुसला की मरतो. चार संध्याकाळी आम्ही मार खाल्ला. पाचव्या दिवशी, ओटीच्या डाव्या खांबाला पाठ लावून, घाम पुसत, त्याने वर्षभर खुडून साठवलेली सगळी पानं संपवून आम्ही तो बैल पाडला. गावातली माणसं दिवे घेऊन वर आली. त्यांनी वैद्याला मधे घेतलं. बहीण म्हणाली, "किती खूश होईल नाय रे तो!" मी म्हटलं, "रडेल परत."

मग मी त्याची वाट बघू लागलो. पट्टी सुटल्यावर तो खेळ उघडेल, बघेल, फोन करेल. मी काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. अरे, त्यात काय एवढं, असं म्हणायचं होतं.

पट्टी सुटली. एका संध्याकाळी त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका आला. तीन मिनिटं होता, मग गेला. फोन आला नाही. मला वाटलं, जेवायला बसला असेल. दुसऱ्या दिवशीही फोन नाही. मी मेसेज केला, 'बघितलंस का?' दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या जगात पाहुणा म्हणून जायला गेलो तर पडद्यावर आलं, यजमानाने प्रवेश बंद केला आहे. मी मोबाइल बंद करून चालू केला. तेच. ओटीवरून उठून विहिरीपर्यंत जाऊन पाहिलं. तेच.

आठ दिवस माझा जीव टांगणीला. हाताला काही झालं असेल का? पू झाला असेल का? वहिनींना फोन केला तर त्या म्हणाल्या, "हात बरा हाय भावजी." हात बरा आहे म्हणजे बाकी काहीतरी बरं नाही. घरात मी मुलीवर विनाकारण खेकसलो. एका गिऱ्हाइकाच्या पंपाला उलटी वेढणी दिली. शेवटी रविवारी सकाळी गाडीला किक मारली आणि किन्हवली, सरळगाव करत धसई गाठली.

तो पडवीत बसला होता. हात मांडीवर, तळवा वर. मी आजवर तो हात उघडा पाहिला नव्हता. बघायचा नाही असं ठरवलं आणि त्याच्याकडेच बघत राहिलो.

"फोन का करत नायस?" मी दणकाच दिला. काळजी झाली की माझा आवाज चढतो.

त्याने डाव्या हाताने माझ्याकडे पाट सरकवला. मग म्हणाला, "बैल कुनी मारला?"

"आमी. तुज्यासाठी."

"माज्यासाठी." त्याने मान हलवली. "माजं भात झोडलंत तवा मी रडलो, ठावं हाय तुला. ते खरं होतं. भात घरात याया पायजे, मंग कुनी पन झोडो. पर ह्यो खेळ हाय रे. ह्यो खेळायसाठीच होता. खेळलात तुमी. मंग मला काय ठेवलंत?"

तो पुढे म्हणाला, "अन् दुसरं सांगू? तुमी दोगांनी बसून ठरवलंत, आता ह्याच्यानं व्हनार नाय. डाक्टर पन मला असं बोलला नाय."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण त्याचं बरोबर होतं, आणि समोरच्याचं बरोबर असलं की माझं डोकं आणखी फिरतं. मी म्हणालो, "मग काय, त्या अंगठ्यानं लढणार होतास?"

वहिनी चहा घेऊन दारात आल्या होत्या. त्या तशाच उभ्या राहिल्या. त्याने हात उचलला आणि सदऱ्याच्या खिशात घातला. "चहा घे," तो म्हणाला. मी चहा घेतला. तोंड भाजलं तरी एका दमात घेतला आणि निघालो.

परतताना सरळगावच्या अलीकडे गाडी बाजूला लावून मी बहिणीला फोन केला आणि सगळं सांगितलं. "असं बोललास तू? तोंड हाय का गटार?" ती किंचाळली. मग म्हणाली, "पर बान मीच मारले की रे. मला पन नाय सुचलं."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. खेळ सुटला असता तर सुटला असता, त्याचं मला काही वाटलं नसतं. भीती निराळीच होती. मित्र माझ्याशी चांगला वागायला लागेल ही भीती. लग्नाकार्यात भेटेल, बरं आहे ना विचारेल, चहा घे म्हणेल, आणि परत कधी मला शिव्या देणार नाही. माणूस असाही तुटतो, भांडण न करता. मी माफीचे चार मेसेज लिहिले आणि चारही पुसले. लिहिलेल्या प्रत्येक वाक्यात अंगठा होता.

पंधरा दिवसांनी, दुकानात, त्याचा मेसेज आला. 'तुज्या जगात बैल जिता हाय का'

जिवंत होता. आधी त्याचं उरकलं म्हणून माझं राहिलं होतं. मी 'हो' लिहिलं.

'मारू नको. रविवारी दुपारी येतो.'

तो आला, धसईहून, मोबाइलवरच. दुकान बंद ठेवून मी आत खुर्चीवर बसलो होतो, बहीण कसाऱ्याहून जोडली गेली होती. वैद्य दरवाज्यातून आत आला आणि भिंतीवर जाऊन आदळला. परत वळला, परत आदळला. त्याने बटणांची सगळी मांडणी बदलली होती. मोबाइल पाटावर आडवा ठेवायचा, डाव्या हाताने मारायचं, आणि चालायचं ते उजव्या हाताच्या करंगळीने आणि तिच्या शेजारच्या बोटाने. एवढं त्याने सांगितलं आणि म्हणाला, "कुनी बोलायचं नाय." बहिणीने लगेच "नाय" म्हटलं.

त्या दिवशी आम्ही सात वेळा हरलो. पुढच्या रविवारी किती ते मोजलं नाही. मला बोलायचं असे. डावीकडे हो, मागे सर, आता औषध दे. सगळं जिभेवर यायचं आणि मी ते गिळायचो. मी घुसायचंही सोडलं. ढाल घेऊन त्याच्या पुढे उभा राहायचो, त्याला लागू नये म्हणून. तिसऱ्या रविवारी ते त्याच्या लक्षात आलं. "बाजूला हो रे," तो म्हणाला. "म्हशीवानी मधे उभा ऱ्हातोस. तुजं तू लढ."

मग मी लढलो. माझ्या पद्धतीने, मागचापुढचा विचार न करता बैलाच्या पायांत घुसलो. बैलाची तब्येत अर्ध्यावर आली, मग पावावर. बहीण पडली, शून्य झाले, ती बाद. "गेले रे मी," ती म्हणाली. लगेच मी पडलो. दहा. यजमान मीच असल्यामुळे माझ्या पडद्यावर एक बटण होतं, डाव सोडून पहिल्यापासून सुरू करायचं. हरतोय असं दिसलं की मी ते नेहमी दाबायचो, वेळ वाचतो. वैद्य मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. माझा अंगठा बटणावर गेला.

"दाबू नको," तो म्हणाला.

"तू पोचणार नाहीस."

"हात खाली ठेव."

मी मोबाइल टेबलावर तारांच्या रिळांमधे ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. आठ. वैद्य वाकडातिकडा धावत येत होता. बैलाने शेपूट फिरवली, तो खाली वाकला, शेपूट वरून गेली. पाच. तो माझ्याजवळ पोचला. बटण दाबून धरायचं होतं, आणि ते एकच बटण उजवीकडून हलवता येत नव्हतं. फोनवर मला त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि पाट सरकल्याचा आवाज. बोट घसरलं. त्याने परत दाबलं. तीन. परत घसरलं. "अयायाय," तो दातांतून म्हणाला, आणि परत दाबलं, आणि या वेळी धरून ठेवलं. दोन. एक.

माझा ढालवाला उठला.

मला उठायला हवं होतं, म्हणजे मोबाइल उचलायला हवा होता. पण माझे हात मांडीवरून हलेनात, डोळ्यांना काही दिसेना, आणि मी बाहीने तोंड पुसत असताना बैलाने लाथ घातली आणि माझा ढालवाला जागच्या जागी परत आडवा झाला.

"अरे हलकटा!" तो ओरडला. इतक्या जोरात की बाजूच्या दुकानदाराने ऐकलं असेल. "तुला काय झोपायला उचलला? लक्ष कुटं हाय तुजं? एवढा मरत मरत आलो मी, अन् तू, गाढवा..." आणि त्यानंतर त्याने मला ज्या शिव्या दिल्या त्या मी लिहू शकत नाही, पण एकूण एक ऐकल्या. बहीण हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं.

पडद्यावर दहा आला, मग नऊ.

"थांब तितंच," तो म्हणाला. "परत येतो."